काकांचं लाल कार्ड

अण्णा, गेल्या रविवारी मी एका डिफेंडरला पिवळं कार्ड दाखवलं आणि त्यावरून काकांनी मला एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर तुम्हालाच माहीत होतं. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाजसुद्धा मला आईच्या बोलण्यातून शोधून काढावा लागतो. तरी लिहायला बसले आहे. शाळेत वार्षिक परीक्षा चालू आहे, पोरं वर्गात पेपर लिहितायत, मैदान रिकामं आहे, आणि खेळाच्या सामानाच्या खोलीत पंखा नुसती गरम हवा ढवळतोय. मी व्हॉलीबॉलच्या जाळ्यांच्या गठ्ठ्याला टेकून, पाय लांब करून बसले आहे, कारण गुडघे दुखतात. आठवडाभर शाळेत पोरांना पळवायचं आणि रविवारी पुन्हा शिट्टी घेऊन स्वतः पळायचं, हे आता पूर्वीसारखं अंगात राहिलेलं नाही. तुम्ही असता तर म्हणाला असतात, मग सोड की. तुम्ही मात्र शेवटपर्यंत शिट्टी सोडली नाहीत.

मॅच साधीच होती, जिल्ह्याच्या लीगमधली. ऊन उतरायला लागलं होतं. एका बाजूचा फॉरवर्ड बॉल घेऊन पेनल्टीच्या चौकोनात शिरला, समोर एकटा गोलकीपर. मागून डिफेंडर धावत आला आणि त्यानं घसरत पाय घातला. पाय बॉलकडेच चालला होता, ते मला नीट दिसलं, पण बॉल निसटला आणि पाय लागला घोट्याला. फॉरवर्ड तोंडावर आपटला. मी शिट्टी वाजवली, पेनल्टी दिली आणि पिवळं कार्ड काढलं. झालं, सगळं मैदान अंगावर आलं. फॉरवर्डच्या संघाचा कॅप्टन, त्यांचा कोच, कडेच्या कठड्यावर बसलेली माणसं, सगळ्यांचा एकच घोष, "ओ मॅडम, लास्ट मॅन था ना वो, लाल देना पड़ता." मी कॅप्टनला दोन वाक्यांत सांगितलं आणि मागे फिरले. घरी पोचेपर्यंत कुणीतरी मोबाइलवर काढलेला तो तुकडा ग्रुपवर फिरत होता, हळू करून, वर लाल बाण काढून, खाली माझ्याबद्दल काय काय लिहून. पूर्वी असलं वाचून मला रडू यायचं. आता मी भाजी चिरता चिरता वाचते आणि फोन पालथा ठेवते.

लास्ट मॅन हा शब्द तुम्हाला किती खुपायचा ते मला आठवतं. रेल्वे क्वार्टरमधलं आपलं ते स्वयंपाकघर, दोन माणसं उभी राहिली की भरणारं. आई भाकऱ्या थापतेय, तुम्ही ड्यूटीवरून येऊन जमिनीवर मांडी घालून बसलाय, आणि चटणीसाठी सोलायला घेतलेल्या शेंगांतल्या चार-पाच उचलून तुम्ही फरशीवर मांडताय. पाटा म्हणजे गोल. एक शेंग गोलकीपर, एक फॉरवर्ड, एक मागून येणारा डिफेंडर. "आता ह्यानं ह्याला पाडलं. काय देशील?" मी म्हणते, "लाल." तुम्ही एक शेंग उचलून पाट्याजवळ सरकवता. "आता?" मी म्हणते, "हा दुसरा डिफेंडर मधे पोचला असता का?" तुम्ही म्हणता, "मला काय विचारतीस? शेंगेकडं बघ." मग तुम्ही मला विचारायला शिकवता. गोल किती लांब आहे. खेळ गोलकडे चाललाय की कडेला. बॉल त्याच्या ताब्यात राहिला असता की पुढे निघून गेला असता. बाकीचे डिफेंडर किती आणि कुठे. ही सगळी उत्तरं फॉरवर्डच्या बाजूनं असतील तर ती गोलची उघड संधी, आणि ती फाऊल करून मोडली तर लाल. शेवटचा माणूस कोण होता ह्याला नियमात जागाच नाही, म्हणायचात. आई मागून म्हणायची, "झालं असंल तर शेंगा इकडं द्या, चटणी तुमच्या गोलकीपरशिवाय व्हायची न्हाय."

तेव्हा काका आपल्यातच राहायचे. मोडनिंबहून तुम्हीच त्यांना सोलापुरात आणलं होतं, चादरीच्या कारखान्यात लावून दिलं होतं. दिवसा लूम, संध्याकाळी फुटबॉल. ते त्यांच्या मंडळाचे डिफेंडर, अंगानं काटक, बोलायला गरम, आणि मला खांद्यावर घेऊन मैदानाला चक्कर मारणारे. त्या वर्षी ते ज्या स्पर्धेत खेळत होते तिच्या सेमीफायनलला ठरलेला रेफरी आलाच नाही. तुम्ही कडेला झेंडा घेऊन उभे होता. दोन्ही कॅप्टन म्हणाले, तुम्हीच शिट्टी घ्या, आमची हरकत नाही. तुम्ही आधी नको म्हणालात, हे मला नंतर दुसऱ्यांनी सांगितलं. नको म्हणालात आणि मग घेतलीत, कारण एवढी माणसं जमली होती आणि दिवस मावळायला आला होता. दुसऱ्या हाफमध्ये समोरचा फॉरवर्ड सुटला, काकांनी त्याला चौकोनात पाडलं, आणि तुम्ही सख्ख्या भावाला लाल कार्ड दाखवलंत. पेनल्टीवर गोल झाला. तरी काकांचा संघ पुढे झुंजून जिंकला, पण बाहेर काढलेल्या खेळाडूला पुढची मॅच बंद, त्यामुळे फायनल काकांनी कडेला उभं राहून पाहिली. त्या फायनलला पुण्याकडच्या एका कंपनीच्या संघाची माणसं खेळाडू निवडायला आली होती, असं काका सांगत. कुणी म्हणतं आली होती, कुणी म्हणतं ती नुसती आवई होती. पण काकांच्या संघातल्या एकाला त्यानंतर कंपनीत नोकरी लागली, एवढं खरं. काका लूमवरच राहिले, कारखाना बंद पडेपर्यंत.

मी मॅचला नव्हते. मला आठवतं ते संध्याकाळचं घर. काका आधी आले, बूट हातात, मोरीत पाय धुतले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. तुम्ही उशिरा आलात, रिपोर्ट लिहून. आईला काही माहीत नव्हतं. तिनं नेहमीसारखी दोन ताटं शेजारी शेजारी वाढली. काकांनी आपलं ताट उचललं आणि बाहेर उंबऱ्यावर जाऊन बसले. आई म्हणाली, "काय झालं भावजी? हितं बसा की." काका बाहेरूनच म्हणाले, "त्याला इचारा." तुम्ही भाकरी मोडत होता. आईनं दोघांकडे बघितलं आणि तिला अंदाज आला असावा. "मैदानावरचं मैदानावर ठेवायचं की," ती म्हणाली. मग काका आत आले, ताट तसंच हातात. "वैनी, फाऊलसाटी दिलं असतं तर मला काय न्हाय. ह्यानं लोकास्नी दाखवायला दिलंय. बगा, मी सख्ख्या भावाला बी सोडत न्हाय. मी बॉल घेत हुतो." तुम्ही वर न बघता विचारलंत, "फाऊल झाला का नाही?" काका म्हणाले, "झाला." "पाडला नसतास तर गोल झाला असता का नाही?" काकांनी ताट खाली ठेवलं. "मग संपलं," तुम्ही म्हणालात. "मी बघितलं ते दिलं."

अण्णा, त्या वेळच्या नियमानं ते खरंच तिथंच संपत होतं, हे मला आता कळतं. बॉलसाठी पाय घातला की माणसाला धरून पाडलं, ह्याची चौकशी करायचं तुम्हाला कारणच नव्हतं. दोन्हीला एकच शिक्षा. पण त्या रात्री घरात ते संपलं नाही. काका त्याच आठवड्यात पेटी घेऊन मित्राच्या खोलीवर गेले. नंतर त्यांचं लग्न झालं, संसार झाला, तुम्ही दोघं सणावाराला एका पंगतीत बसलात, मोडनिंबच्या शेताच्या वाटणीवरून कधी भांडला नाहीत, उलट एकमेकांना थोडं जास्तच सोडून दिलंत. पण बोलणं आईमार्फत. "त्याला म्हणावं बी-बियाणं मी आणतो." "दादाला सांगा वैनी, उद्या येणं हुणार न्हाय." तुमचं दुखणं वाढलं तेव्हा काका रोज दवाखान्यात यायचे आणि बाहेर बाकावर बसायचे. एकदा मी त्यांना हाताला धरून आत नेलं. तुम्ही म्हणालात, "पाऊस हाय का गावाकडं?" ते म्हणाले, "हाय थोडा." एवढंच. पुढच्या महिन्यात त्यांनी तुम्हाला खांदा दिला आणि घाटावर सगळ्यांच्या शेवटी तेच थांबले.

मी रेफरी व्हायचं ठरवलं तेव्हा काका आईला म्हणाले होते, "एका घरात एक पुरं हुता की, वैनी." तुम्ही काहीच म्हणाला नव्हता. तुमच्याकडून मला शाबासकी मिळाल्याचं आठवत नाही. बोलणी मिळाल्याचं आठवतं. कॉलेजात असताना मी पहिल्यांदा कडेला झेंडा घेऊन उभी होते, आणि मागून पब्लिक ऑफसाइड ऑफसाइड ओरडलं म्हणून मी झेंडा वर केला. परत येताना सायकलवर तुम्ही पुढे, मी मागे. सात रस्त्याच्या चौकात सायकल थांबवून म्हणालात, "ऐकून झेंडा वर केलास तू आज." मी म्हणाले, "ऑफसाइडच होता तो, अण्णा." तुम्ही म्हणालात, "असंल की. पण तू बघितला नव्हतास." आणि पुन्हा पायडल मारायला लागलात. किती राग आला होता मला तुमचा. त्या दिवशी मी जेवले नव्हते, आणि तुम्ही माझ्यासाठी थांबला नव्हता.

तुम्ही गेल्यावर काका माझ्या मॅचना यायला लागले. कधी सांगून नाही. कठड्यावर टोकाला बसतात, मॅच संपली की हात वर करतात आणि निघून जातात. माझ्या निर्णयावर त्यांनी आजवर एक अक्षर काढलं नव्हतं. गेल्या रविवारी मात्र ते थांबले. मी बूट काढून चप्पल घालत होते, ते शेजारी येऊन उभे राहिले. आता वाकलेत थोडे, कानाला कमी येतं. म्हणाले, "चल, च्या घिऊ." गेटबाहेरच्या टपरीवर बाकावर आम्ही बसलो. लोक अजून माझ्याकडे बघून काहीबाही बोलत जात होते.

"पिवळं का दिलंस?" काकांनी विचारलं. "लाल का न्हाय?"

मला वाटलं, आता हेही. दमलेल्या आवाजातच मी सांगितलं. "नियम बदललाय, काका. चौकोनात फाऊल झाला, पेनल्टी दिली, आणि पोरगा खरंच बॉल खेळायला गेला असेल, तर आता पिवळंच देतात. पेनल्टी पण, लाल पण, वर पुढची मॅच बंद, एका चुकीला एवढं फार होतं असं ठरलं."

"कुनी ठरवलं?"

"वरती ठरतं ते. सगळ्या जगाला एकच नियम."

"कदी?"

"झाली बरीच वर्षं. अण्णा गेल्यानंतर."

त्यांनी बशीत चहा ओतला आणि तो तसाच धरून ठेवला. मी पुढे सांगत गेले, सवयीनं, जसं नवीन पोरांना सांगते तसं. "शर्ट ओढला, ढकललं, धरून ठेवलं, तर मात्र अजून लालच. बॉल मिळायची आशाच नसताना पाय घातला तरी लाल. आणि चौकोनाच्या बाहेर असेल तर बॉलसाठी गेला असला तरी लाल, कारण तिथं पेनल्टी मिळत नाही." बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी कुणाला सांगतेय. मी थांबले.

काका म्हणाले, "मंग माझं काय झालं असतं?"

त्यांनी ते अगदी साधं विचारलं. रागानं नाही, टोमण्यानं नाही. म्हातारा माणूस दवाखान्यात रिपोर्ट पुढे करून विचारतो तसं. मी म्हणाले, "ते तुम्ही सांगायचं, काका. तुम्ही बॉलला गेला होता की त्याला धरलं होतं?"

"म्या बॉलला," ते म्हणाले आणि थांबले. त्यांनी समोर रस्त्याकडे बघितलं. एक टँकर गेला, त्याच्या मागून पाणी सांडत गेलं. "आठवत न्हाय गं," ते म्हणाले. "इतकी वर्सं सांगत आलो, बॉल घेत हुतो, बॉल घेत हुतो. सांगून सांगून ते पार गुळगुळीत झालं बग. आता आत बगितलं तर नुस्ती धूळ दिसती. आन् दादा दिसतो, हात वर करून हुबा. बाकी काय दिसत न्हाय."

मी कप खाली ठेवला. "पिवळं, काका," मी म्हणाले. "आज असतं तर पिवळं दिलं असतं."

"पिवळं," ते स्वतःशी म्हणाले. "म्हंजे फायनल खेळलो असतो मी."

"खेळला असता."

त्यांनी मान हलवली, दोनदा तीनदा. चहा गार झाला होता, तो एका घोटात प्यायले. "दादाची बी चूक न्हाय म्हना. त्याच्याकडं तवा ह्या कामाला पिवळं नव्हतंच की." मग ते उठले, टपरीवाल्याशी हवापाण्याचं बोलले आणि रिक्षा बघायला लागले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी लहान असताना ठेवायचे तसा.

मंगळवारी ते घरी आले. मी शाळेत होते. आई सांगत होती, सरळ स्वयंपाकघरात येऊन बसले, म्हणाले, वैनी, कडक भाकरी असंल तर द्या, शेंगाचटणी आन् दही. जेवले, गप्पा मारल्या, मोडनिंबच्या जुन्या विहिरीतल्या पोहण्याच्या गोष्टी सांगितल्या, त्यात तुम्ही होता, तुम्हाला पाण्यात ढकलून दिल्याची गोष्ट होती. इतकं हसले की खोकला आला. तुमच्याबद्दल ते असं आपणहून बोललेले आईनं किती वर्षांत ऐकलं नव्हतं. निघताना त्यांनी तिला सांगितलं, "ती म्हनली, आता ते पिवळं असतं." संध्याकाळी मी आले तर आई लसूण सोलत बसली होती. तिनं विचारलं, "खरं का गं ते?" मी म्हणाले, "नियम तसाच आहे, आई." ती सोलत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "मग ह्यांनी उगाच..." आणि वाक्य सोडून दिलं. मी आत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले. तुमच्या बाजूनं बोलायला मीच होते, आणि मी नळ चालू ठेवून उभी होते. तुम्ही नियमानं दिलंत, दुसरं काही देता येत नव्हतं, हे मी तिला नीट समजावून सांगायला हवं होतं. सांगेन. पण सांगितलं तर काका पुन्हा कुठे बसतील, उंबऱ्यावर की आत, ह्याचा विचार येतो आणि मी उद्यावर टाकते.

तुम्हाला मी कधीच विचारलं नाही, त्या दिवशी नक्की काय पाहिलंत. विचारायला सुचलंच नाही, कारण त्यानं फरक पडेल असा नियमच तेव्हा नव्हता. आणि ज्या दिवशी तो आला त्या दिवशी तुम्ही नव्हता. त्या चौकोनात तुमच्याइतकं जवळ कुणीच नव्हतं. तुम्ही ते बघितलं, मनात ठेवलंत, आणि काकांनी लोकांना दाखवायला दिलं म्हटलं तरी तोंडातून काढलं नाहीत. काकांनी बॉलला पाय घातला असता तर तुम्ही निदान आईला म्हणाला असतात, बॉलला गेला होता बिचारा. तुम्ही तेही म्हणाला नाहीत. ह्यावरून मी काही ठरवत नाही. नुसतं लिहून ठेवते.

घंटा होत आली. पेपर गोळा करायला वर जायचंय, आणि हे कागद कुठे पाठवायचे असा प्रश्नच नाही. पण एक गोष्ट मी वर गाळली आहे. टपरीवर काका "म्या बॉलला" म्हणून थांबले, तेव्हा त्यांचा उजवा हात आपोआप पुढे गेला होता, समोरच्याच्या पाठीच्या उंचीवर, आणि बोटं मिटली होती. गच्च. कापड मुठीत धरावं तशी. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही, लगेच हात मांडीवर पडला. मला मात्र मूठ स्पष्ट दिसली, अण्णा. त्यानंतर मी पिवळं म्हणाले.